नेटवर्कवरून हायपरव्हायझर बसवताना: भोसरीतल्या सोळा सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतली ही कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते. ईआरपी, गुणवत्ता तपासणीच्या नोंदी आणि डिझाइन विभागाच्या फाइली, असा सगळा डोलारा प्लँटमधल्याच एका सर्व्हर रूममध्ये आहे. हायपरव्हायझर म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. जुना क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरचा गट, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.७ या हायपरव्हायझरवर होता. त्या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला, तरी ‘चालतंय ना, चालू दे’ म्हणत तो पुढेही चालवला गेला. शेवटी नवीन सोळा सर्व्हर मंजूर झाले आणि त्यांच्यावर आवृत्ती ८ बसवायचं ठरलं. मी या कामात बाहेरचा सल्लागार होतो. इथे ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

सगळे सर्व्हर एकाच मॉडेलचे, दोन रॅकमध्ये आठ-आठ. प्रत्येकाला २५ गिगाबिटचे चार पोर्ट, बूटसाठी मिरर केलेल्या दोन एम.टू डिस्क आणि स्टोरेजकडे जाणारी फायबर चॅनेलची दोन कार्डं. सिक्युअर बूट (विश्वासू सही असलेलीच फाइल बूट होऊ देणं) चालूच ठेवायचं, हे कंपनीच्या सुरक्षा धोरणात लिहिलेलं होतं.

खोकी आली ती पितृपक्षात. यंत्रं रॅकला लावायला हरकत नव्हती, पण नवीन क्लस्टर सुरू करायचा तो घटस्थापनेनंतर, असं मालकांचं म्हणणं होतं. शिवाय खंडेनवमीला शॉप फ्लोअरवरच्या सीएनसी मशिनांबरोबर नव्या रॅकचीही पूजा व्हावी, अशीही त्यांची इच्छा होती. भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे कोअर स्विचला हात लावायचा तर गुरुवारच. घटस्थापना ते खंडेनवमी एवढ्या काळात असे गुरुवार किती मिळणार हे उघड आहे. पुढचे बरेच निर्णय या घाईतूनच झाले.

सोळाच यंत्रं आहेत तर हाताने का नाही बसवत, असा प्रश्न पहिल्या बैठकीत आला. प्रश्न रास्त होता. प्रत्येक सर्व्हरच्या रिमोट कन्सोलमधून आयएसओ जोडून इन्स्टॉल करता येतं. पण सोळा ठिकाणी हाताने भरलेली माहिती सोळा ठिकाणी सारखी राहत नाही. आणि दोन वर्षांनी मध्यरात्री एखाद्या होस्टची (हायपरव्हायझर चालवणाऱ्या सर्व्हरची) बूट डिस्क गेली, तर त्या वेळी ड्युटीवर असलेल्या माणसाला एका आदेशात तो होस्ट जसाच्या तसा उभा करता यायला हवा. माझ्या मते नेटवर्क इन्स्टॉलची खरी किंमत तिथे वसूल होते.

अडचण

जुन्या क्लस्टरच्या वेळी कोणीतरी पीएक्सईची, म्हणजे नेटवर्कवरून बूट करण्याची, मांडणी करून ठेवली होती. एका लिनक्स व्हीएमवर टीएफटीपी (साध्या पद्धतीने फाइली देणारा) आणि वेब सर्व्हर होता, आणि यंत्रांना आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी नेटवर्क विभागाच्या विंडोज सर्व्हरवर. त्यात ६६ आणि ६७ हे दोन ऑप्शन, म्हणजे बूट सर्व्हर आणि बूट फाइल यांची नावं, संपूर्ण स्कोपला (पत्त्यांच्या पट्ट्याला) लावलेले होते आणि ६७ मध्ये बूट फाइल म्हणून पीएक्सईलिनक्स होती. योजना साधी होती: त्याच व्हीएमवर नवीन आयएसओ उलगडायचा, जुनी किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलरची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली) थोडी बदलायची आणि सर्व्हर चालू करायचे.

एकही सर्व्हर उभा राहिला नाही. सिस्टिम टीमच्या पहिल्या मेलमध्ये एकच ओळ होती, ‘पीएक्सई चालत नाही’. त्यावर उत्तर म्हणून नेटवर्क विभागाने लिहिलं, ‘नेटवर्क ठीक आहे, जुने सर्व्हर बूट होतात’. दोन्ही वाक्यं खरी होती. दोघांचाही त्यातून काही फायदा झाला नाही.

इथे नेटवर्क बूटचा क्रम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पंढरीच्या वाटेवर पालखी एकच असते, खांदेकरी बदलत राहतात. तसंच इथे यंत्र एकच, पण नेटवर्कशी बोलणारा टप्प्याटप्प्याने बदलतो. आधी सर्व्हरचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, स्वतःच्या छोट्याशा नेटवर्क स्टॅकमधून डीएचसीपीला हाक मारतं आणि बूट फाइल आणतं. मग ती फाइल, म्हणजे बूटलोडर, त्याच फर्मवेअरच्या आधाराने बाकीचे मॉड्यूल खेचते. ते झालं की ईएसएक्सआयचा कर्नल जागा होतो, फर्मवेअरचा स्टॅक बाजूला पडतो, आणि हा कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरने, स्वतःच्या समजुतीने पुन्हा नव्याने डीएचसीपीकडे जातो. आधीच्याला जे माहीत होतं ते नंतरच्याला माहीत असतंच असं नाही. म्हणून ‘पीएक्सई चालत नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. कोण बोलत होता आणि त्याचं शेवटचं वाक्य काय होतं, ते कळायला हवं.

रिमोट कन्सोलवर प्रत्येक सर्व्हर नेमक्या कुठल्या ओळीवर थांबतो ते लिहून काढायला सांगितलं, तेव्हा चित्र बदललं. पहिल्या रॅकमधले आठही सर्व्हर ‘एनबीपी फाइल (नेटवर्कवरून आणलेली बूट फाइल) यशस्वीपणे डाउनलोड झाली’ या अर्थाच्या संदेशापर्यंत पोचत होते आणि मग काही न बोलता बूट मेनूत परत येत होते. दुसऱ्या रॅकमधल्या आठांना आयपीच मिळत नव्हता. तिथे संदेश होता पीएक्सई-ई१६, म्हणजे कोणाकडूनही ऑफर आली नाही. म्हणजे आजार दोन होते आणि दोन्ही एकाच नावाखाली नोंदवले गेले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता सर्व्हर लेगसी बायोस मोडमध्ये, म्हणजे यूईएफआय या नव्या प्रकारच्या फर्मवेअरऐवजी जुन्या पद्धतीवर, टाकण्याचा. जुनी मांडणी बायोससाठीच होती, त्यामुळे ती लगेच चालली असती. प्लँट आयटी प्रमुखांचा कल तिकडेच होता आणि त्यांच्या डोक्यावरच्या तारखेकडे पाहिलं तर तो समजण्यासारखाही होता. पण बायोस मोडमध्ये सिक्युअर बूट नसतं, म्हणजे सुरक्षा धोरण पहिल्याच दिवशी मोडलं असतं. आणि लेगसीत बसवलेला ईएसएक्सआय नंतर यूईएफआयवर वळवला, तर तो बूट न होण्याचीच शक्यता जास्त. थोडक्यात, सोळाही होस्ट पुढे पुन्हा बसवावे लागले असते. हा पर्याय मी जोर लावून नाकारला, आणि आजही तोच निर्णय घेईन.

दुसरा पर्याय यूईएफआयच्या एचटीटीपी बूटचा. यूईएफआय २.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, फर्मवेअर थेट एचटीटीपीवरून बूट फाइल आणू शकतं. टीएफटीपी मूळ स्वरूपात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच मिळेपर्यंत थांबतो आणि मग पुढचा पाठवतो. जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागत असेल, तर सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी. सहाशे एमबीच्या इमेजला वीस मिनिटं. मोठे तुकडे पाठवायची सोय १९९५ पासून आहे आणि आजची फर्मवेअर ती वापरतात, तरी एचटीटीपीची गती वेगळीच. पण त्यासाठी डीएचसीपीमध्ये वेगळ्या व्हेंडर क्लासचं उत्तर द्यावं लागतं आणि फर्मवेअरची आणखी सेटिंग बदलावी लागते. सगळंच बंद पडलेलं असताना आणखी एक नवीन गोष्ट मध्ये आणायची नाही, एवढ्यासाठी तो पुढे ढकलला. आयपीएक्सई या मुक्त स्रोत नेटवर्क बूटलोडरचा तिसरा मार्ग मला एरवी मनापासून आवडतो, पण स्वतः तयार केलेली, सही नसलेली फाइल सिक्युअर बूट चालूच देत नाही.

उरला मार्ग यूईएफआय पीएक्सई नीट करण्याचा. तो धरायच्या आधी एक काम केलं: पहिल्या रॅकमधल्या एका सर्व्हरला रिमोट कन्सोलमधून आयएसओ जोडून हाताने बूट केलं, पण इन्स्टॉल केलं नाही. इन्स्टॉलर उठला, चारही नेटवर्क पोर्ट दिसले, बूट डिस्क दिसली. म्हणजे हार्डवेअर, ड्रायव्हर आणि सिक्युअर बूट हे तिन्ही संशयित बाहेर पडले. या एका चाचणीला फारसा वेळ लागत नाही आणि नंतरची निम्मी वादावादी वाचते.

कृती: पहिला रॅक

एनबीपी डाउनलोड होते आणि मग काहीच होत नाही, याचं कारण आता उघड होतं. यूईएफआय फर्मवेअरला डीएचसीपीने बायोससाठीची फाइल दिली. फर्मवेअरने ती आनंदाने उतरवून घेतली, उघडून पाहिली, ती ईएफआयचा प्रोग्राम नव्हता, म्हणून सोडून दिली. डाउनलोड यशस्वी झाल्याचा संदेश खोटा नव्हता, पण तोच दिशाभूल करत होता. त्याच्याकडे पाहून टीम टीएफटीपीच्या पुढचं काहीतरी, म्हणजे इमेज खराब आहे का वगैरे, शोधत बसली होती.

उपाय डीएचसीपीत होता. क्लायंट स्वतःची जात ऑप्शन ९३ मध्ये सांगतो: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिटांचा यूईएफआय. २००६ च्या मूळ आरएफसी ४५७८ मध्ये ७ आणि ९ यांचे अर्थ उलट छापले गेले होते आणि नंतर शुद्धिपत्र निघालं. प्रत्यक्षात फर्मवेअर ७ पाठवतात, पण दोन्हींसाठी नियम लावून ठेवलेला बरा. विंडोजच्या डीएचसीपीत हे पॉलिसीने करता येतं. मात्र तिथे व्हेंडर क्लास ‘पीएक्सईक्लायंट:आर्क:००००७’ एवढाच लिहिला तर जुळत नाही, कारण क्लायंट त्याच्यापुढे यूएनडीआयची (नेटवर्क कार्डाशी बोलणाऱ्या इंटरफेसची) आवृत्तीही जोडून पाठवतो. शेवटी वाइल्डकार्डचा तारा द्यावा लागतो. तेवढ्या एका चिन्हासाठी पहिली पॉलिसी निष्प्रभ ठरली होती. स्कोपवरचे जुने ऑप्शन काढून बायोससाठी एक आणि यूईएफआयसाठी एक, अशा दोन पॉलिसी केल्या, त्यामुळे जुने होस्टही शाबूत राहिले.

बूटलोडरचा टप्पा त्यामानाने पटकन उरकला. आयएसओमधल्या ईएफआय फोल्डरातली बूटएक्स६४ ही फाइल एमबूट.ईएफआय या नावाने ठेवायची. ७.० अपडेट ३ पासून पुढच्या आवृत्त्यांना तिच्या शेजारी क्रिप्टो६४.ईएफआय ही फाइलही लागते. बूट.सीएफजीमध्ये कर्नल आणि मॉड्यूलच्या प्रत्येक नावाआधी तिरकी रेघ असते, ती काढून टाकायची आणि प्रीफिक्समध्ये फोल्डरचा रस्ता द्यायचा. रेघा राहिल्या तर बूटलोडर फाइली टीएफटीपीच्या मुळाशी शोधतो आणि ‘फेटल एरर १५’ देऊन थांबतो. फाइलींची नावं मोठ्या लिपीत उतरली असतील तरी परिणाम तोच, कारण लिनक्सवरचा टीएफटीपी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतो.

आता ईएसएक्सआयचा कर्नल उठू लागला आणि नव्या ठिकाणी अडला: किकस्टार्ट फाइल उघडता येत नाही. या टप्प्यावर मी बराच वेळ थांबणार आहे, कारण इथे हुशार माणसंही चुकीच्या दिशेला जातात. ज्या व्हीएमवरून आत्ताच शेकडो एमबी उतरले, त्याच व्हीएमवरची काही ओळींची एक फाइल मिळत नाही, म्हटल्यावर पहिला संशय वेब सर्व्हरवर जातो. तसाच गेला. परवानग्या तपासल्या, फायरवॉल तपासली, लॅपटॉपवरून फाइल उघडून पाहिली. सगळं सुरळीत.

मग त्याच सर्व्हरवर ऑल्ट आणि एफ१ दाबून इन्स्टॉलरच्या शेलमध्ये शिरलो. तिथे रूटला पासवर्ड नसतो. वीझल या इन्स्टॉलरचा लॉग व्हार-लॉगमध्ये असतो. त्यात वेब सर्व्हरची तक्रार नव्हतीच, आयपीच मिळाला नव्हता. पोर्टची यादी काढली, लिंक अप होती. नेटवर्क विभाग सांभाळणाऱ्या मॅडमना फोन केला.

‘मॅडम, फर्मवेअरला आयपी मिळतो, ईएसएक्सआयला मिळत नाही. पोर्ट तोच, केबल तीच.’

‘पोर्ट ट्रंक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘प्रोव्हिजनिंगचं व्हीलॅन टॅग केलंय. नेटिव्ह व्हीलॅन मुद्दाम मोकळं ठेवलंय, तिथे काहीच नाही.’

उत्तर तिथेच होतं. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवरचं वेगळं जाळं; ट्रंक पोर्टवर ते टॅगने ओळखलं जातं आणि टॅग नसलेलं सगळं नेटिव्ह व्हीलॅनमध्ये जातं. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये पीएक्सईसाठी व्हीलॅनचा क्रमांक भरलेला होता, म्हणून फर्मवेअर टॅग लावून बोलत होतं. ईएसएक्सआयच्या कर्नलला तो क्रमांक कोणी सांगितलाच नव्हता. तो टॅगशिवाय हाक मारत होता आणि त्याची हाक नेटिव्ह व्हीलॅनच्या मोकळ्या जागेत विरून जात होती.

इथे दोन रस्ते होते. पोर्टवर प्रोव्हिजनिंगचं व्हीलॅन तात्पुरतं नेटिव्ह करायचं, किंवा बूट.सीएफजीच्या कर्नलऑप्ट ओळीत व्हीलॅनआयडी द्यायचा आणि किकस्टार्टमधल्या नेटवर्कच्या ओळीतही तो लिहायचा. पहिल्याने फर्मवेअरचं सेटिंगही लागलं नसतं, सगळंच सोपं झालं असतं. तरी दुसरा निवडला. ‘तात्पुरतं’ केलेलं नेटिव्ह व्हीलॅन काम झाल्यावर परत कोण बदलणार, आणि बदलताना एखाद्या होस्टचं मॅनेजमेंट तुटलं तर? इन्स्टॉलच्या वेळची स्थिती आणि कायमची स्थिती एकच असेल, तर उलटवण्यासारखं काही उरत नाही. कर्नलऑप्टमधला बदल एका फाइलीत एकाच जागी होतो, हेही होतं. दोन्ही जागी तो लिहावा लागतो, कारण पहिला इन्स्टॉलरसाठी असतो आणि दुसरा बसवलेल्या होस्टसाठी.

कृती: दुसरा रॅक

पीएक्सई-ई१६ च्या मागे सिस्टिम टीमने आधीच बरीच शक्ती घालवली होती. दोन्ही रॅकमधली यंत्रं एकाच मॉडेलची, तरी एका रॅकला आयपी आणि दुसऱ्याला नाही, म्हणून नेटवर्क कार्डाच्या फर्मवेअरवर संशय गेला. एका सर्व्हरचं फर्मवेअर अद्ययावतही केलं गेलं. फरक पडला नाही, उलट सोळापैकी एक यंत्र आता वेगळं झालं. कारण हाती येण्याआधी काही बदलायचं नाही, असं मी नेहमी बजावतो ते याचसाठी.

व्हीएमवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची वाहतूक टिपणारं साधन) लावून पाहिलं: दुसऱ्या रॅककडून डीएचसीपीची एकही विनंती येत नव्हती. विनंती येते आणि उत्तर जात नाही, तर दोष सर्व्हर किंवा विनंती पुढे पोचवणाऱ्या रिलेकडे. विनंतीच येत नाही, तर दोष यंत्र आणि पहिला स्विच यांच्या मध्ये. एवढ्या एका निरीक्षणाने शोध एका केबलच्या लांबीवर आला.

सिस्टिम टीममधला तरुण अभियंता स्विचच्या मागे उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, सगळे लाइट हिरवे आहेत.’ मॅडमनी विचारलं, ‘अरे, लाइट सोड. पोर्ट-चॅनेलची स्थिती काय दाखवतोय?’ उत्तर आलं: सस्पेंडेड.

पहिल्या रॅकचा स्विच कामचलाऊ टेम्प्लेटवर होता. दुसरा नंतर, दुसऱ्या माणसाने, अंतिम आराखड्यानुसार बांधला. त्यात प्रत्येक सर्व्हरचे चारही पोर्ट एलएसीपीच्या (अनेक पोर्ट मिळून एक जोडणी करणाऱ्या प्रोटोकॉलच्या) एका गठ्ठ्यात होते. फर्मवेअरचा पीएक्सई स्टॅक एलएसीपी बोलत नाही. स्विचला समोरून एलएसीपीचे निरोप येत नाहीत, म्हणून तो पोर्ट सस्पेंड ठेवतो. लिंक अप, दिवा हिरवा, आणि एकही फ्रेम पुढे जात नाही. सगळे स्विच असं करत नाहीत, काही जण एकटा पोर्ट चालू देतात. त्यामुळे हा अनुभव एका ठिकाणी येतो आणि दुसरीकडे येत नाही.

स्पॅनिंग ट्रीचाही, म्हणजे स्विचच्या जाळ्यातली चक्रं टाळणाऱ्या यंत्रणेचाही, विचार केला होता. एज पोर्टचं सेटिंग नसेल तर जुन्या पद्धतीत पोर्ट पुढे पाठवायला तीस सेकंद घेतो आणि तोवर फर्मवेअर कंटाळून थांबतं. पण इथे ते सेटिंग दोन्ही रॅकवर होतं.

पर्याय पुन्हा दोन. स्विचवर एलएसीपी फॉलबॅक चालू करायचा, म्हणजे निरोप आले नाहीत तर एक पोर्ट एकटा चालेल. किंवा आराखडाच बदलायचा. फॉलबॅक एका ओळीत झाला असता आणि गुरुवारची वाटही पाहावी लागली नसती. पण पुढचं पाऊल बघा. नवा बसलेला ईएसएक्सआय स्टँडर्ड व्हीस्विचवर (होस्टच्या आतल्या साध्या व्हर्च्युअल स्विचवर) उठतो आणि स्टँडर्ड व्हीस्विचला एलएसीपी येत नाही, त्यासाठी अनेक होस्टना सामायिक असा डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. म्हणजे होस्ट फॉलबॅकच्या आधाराने उभा राहिला असता, आणि त्याचं मॅनेजमेंट डिस्ट्रिब्युटेड स्विचवर नेताना, ऐन मधल्या क्षणी, एका बाजूला गठ्ठा आणि दुसऱ्या बाजूला एकटा पोर्ट असं झालं असतं. सोळा होस्टवर हा धोका सोळा वेळा.

मॅडमनी आराखडा बदलायला होकार दिला, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय मला तोच वाटतो. चारपैकी दोन पोर्ट एलएसीपीशिवाय, मॅनेजमेंट आणि इन्स्टॉलसाठी. उरलेले दोन गठ्ठ्यात, व्हीएमच्या वाहतुकीसाठी, डिस्ट्रिब्युटेड स्विचवर. दोन्ही रॅकना एकच टेम्प्लेट. बदल गुरुवारी झाला.

कृती: चुकीची डिस्क

सगळं सुरू होण्याच्या बेतात असताना त्याच तरुण अभियंत्याने जुन्या किकस्टार्टमधली एक ओळ दाखवली आणि विचारलं, ‘सर, ही तशीच ठेवायची?’ ओळीत इन्स्टॉलचा आदेश होता, सोबत फर्स्टडिस्क आणि ओव्हरराइटव्हीएमएफएस.

म्हणजे पहिली सापडेल ती डिस्क घे आणि तिच्यावर व्हीएमएफएस (व्हीएम ठेवण्याची व्हीएमवेअरची फाइल सिस्टिम) असेल तर पुसून टाक. जुन्या होस्टना एकच स्थानिक डिस्क होती आणि इन्स्टॉलच्या वेळी फायबर जोडलेलं नव्हतं, म्हणून ती ओळ तेव्हा निर्धोक होती. या वेळी स्टोरेजवाल्यांनी झोनिंग, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसेल ते ठरवणं, आधीच करून ठेवलं होतं. जुन्या क्लस्टरचे चालू डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली असलेल्या साठवणीच्या जागा) नव्या सर्व्हरना दिसत होते. फर्स्टडिस्क स्थानिक डिस्कला आधी घेतो हे खरं, पण एखाद्या सर्व्हरची बूट डिस्क काही कारणाने दिसलीच नाही, तर पुढची पाळी स्टोरेजची. तिथे ईआरपी चालू होतं.

न बसलेला सर्व्हर फक्त वेळ खातो. चुकीच्या डिस्कवर ‘यशस्वीपणे’ बसलेला सर्व्हर कंपनी थांबवतो. म्हणून दोन कुलपं लावली. किकस्टार्टमध्ये फर्स्टडिस्कला बूट डिस्कच्या मॉडेलचं नाव दिलं, म्हणजे ते मॉडेल सापडलं नाही तर इन्स्टॉल थांबेल. आणि इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत नव्या सर्व्हरचं झोनिंग काढून ठेवायला सांगितलं. स्टोरेजवाल्यांना हे दुहेरी काम वाटलं. पहिलं कुलूप असताना दुसरं कशाला, असं त्यांनी विचारलं. पण पहिलं कुलूप म्हणजे मजकुरातली एक ओळ, ती उद्या कोणीही बदलू शकतो. झोनिंग काढलेलं असेल, तर ओळ चुकली तरी पुसायला काही समोरच नसतं.

त्याच फाइलीत रूटचा पासवर्ड साध्या अक्षरांत होता आणि फाइल साध्या एचटीटीपीवर होती. तिथे त्याचा हॅश (मूळ पासवर्ड न दाखवणारं रूप) ठेवला, आणि इन्स्टॉलनंतर पासवर्ड बदलायचं काम यादीत घातलं.

परिणाम

बूटचा क्रम कायमचा नेटवर्कवर ठेवला असता, तर इन्स्टॉलनंतर रीबूट होऊन पुन्हा इन्स्टॉल, असं चक्र चाललं असतं. त्यामुळे रेडफिश या सर्व्हर दुरून हाताळण्याच्या इंटरफेसमधून ‘फक्त एकदाच नेटवर्कवरून’ असा आदेश दिला. आधी प्रत्येक रॅकमधला एक, मग बाकीचे. सोळाही बसले.

आणि तरी काम संपलं नव्हतं. होस्ट उठले, पिंग होऊ लागले, पण एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) नाही, लॉग सर्व्हर नाही, दुसरा अपलिंक नाही. ही सगळी सेटिंग किकस्टार्टच्या फर्स्टबूट या भागात होती, आणि सिक्युअर बूट चालू असताना ईएसएक्सआय तो भाग चालवतच नाही. हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे, पण ठळक चूक कुठेच दिसत नाही. होस्ट बाहेरून निरोगी दिसतो.

कोणीतरी सुचवलं की सिक्युअर बूट बंद करून बसवू आणि मग चालू करू. एका वेळेपुरतं चाललं असतं. पण मग मध्यरात्री एखादा होस्ट पुन्हा बसवणाऱ्यालाही हे बंद-चालू लक्षात ठेवावं लागलं असतं, आणि सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता. म्हणून फर्स्टबूट रिकामा केला. होस्ट व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घेतल्यावर पॉवरसीएलआय या त्याच्या आदेश-साधनाची एक स्क्रिप्ट सेटिंग लावते आणि लागली की नाही तेही तपासते. पुन्हा चालवली तरी बिघडत नाही, हा तिचा खरा फायदा.

झोनिंग परत जोडलं, डेटास्टोअर दिसले, क्लस्टर खंडेनवमीच्या आधी उभा राहिला. झेंडूच्या माळा रॅकच्या बाहेरच्या दारावर लावायला सांगितल्या, हवेच्या जाळीवर नको म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

पितृपक्षातले दिवस हातचे गेले, असं टीम म्हणत होती. मला तसं वाटत नाही. नव्या यंत्रांना हात न लावताही जुन्या क्लस्टरवर यूईएफआय फर्मवेअरची, सिक्युअर बूट चालू असलेली एक रिकामी व्हीएम तयार करून ती प्रोव्हिजनिंगच्या व्हीलॅनमधून नेटवर्क बूट करता आली असती. बायोसची फाइल, बूट.सीएफजीतल्या रेघा आणि फर्स्टबूट हे तिन्ही तिथेच उघडे पडले असते. एलएसीपी आणि व्हीलॅनच्या टॅगचा घोळ उघडा पडला नसता, कारण ते खऱ्या स्विचवरच दिसतं. पण मग घटस्थापनेनंतर मोजकेच प्रश्न उरले असते.

दोन स्विचची सेटिंग शेजारी ठेवून फरक काढणं हे पहिलं काम असायला हवं होतं. एकसारख्या यंत्रांचे दोन गट वेगवेगळे वागत असतील, तर फरक यंत्रांच्या बाहेर शोधायचा. फर्मवेअर बदलून झाल्यावर ते सुचलं.

डिस्क निवडण्याचं काम किकस्टार्टच्या प्री भागात न्यावं, असंही मी सुचवलं आहे. तिथे स्क्रिप्ट डिस्क मोजते, एकच योग्य डिस्क सापडली तरच इन्स्टॉलची ओळ लिहिते आणि मुख्य फाइल ती ओळ आत घेते. मॉडेलच्या नावावर विसंबण्यापेक्षा हे पक्कं, कारण उद्या बदली डिस्क वेगळ्या मॉडेलची येईल. या वेळी वेळ नव्हता आणि झोनिंग काढलेलं होतं, म्हणून साध्या उपायावर भागलं.

नवीन तक्रारींसाठी टीमने फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवले आहेत: कन्सोलवरच्या शेवटच्या ओळीचा फोटो, आणि त्या वेळी पॅकेट कॅप्चरमध्ये विनंती दिसली की नाही. एचटीटीपी बूटची चाचणी एका सर्व्हरवर सुरू आहे. बायोससाठीची डीएचसीपी पॉलिसी अजून ठेवली आहे, शेवटचा ६.७ चा होस्ट निघाला की नेटवर्क विभाग ती काढणार आहे, आणि तशी चेंज रिक्वेस्ट पुढच्या गुरुवारसाठी टाकलेली आहे.